एकवीस पाचुंद्यांचा शेकडा

बार्शीच्या प्रशिक्षणाचा कागद आला आणि आई दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. प्राथमिक शाळेत गणित शिकवावं तर आमच्या आईनं, असं आसपासच्या दहा-बारा शाळांत बोललं जायचं. तिच्या चौथीच्या पोरांचे तीसपर्यंत पाढे पाठ असत, पावकी-निमकीसुद्धा, आणि तपासणीला साहेब आले की दुसऱ्या शाळांचे गुरुजी मुद्दाम येऊन तिच्या वर्गात मागं उभे राहत. आपल्याला बोलावलंच तर शिकवायला बोलावतील, अशी तिची खात्री होती. कागदावर मात्र ‘प्रशिक्षणार्थी’ असं छापलेलं होतं. तो शब्द तिनं दादांना दोनदा वाचून दाखवला. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीतून जेवायला आले होते, भुवयांवर पीठ तसंच. जा की, बारा दिवस बसून ऐकायचं, त्यात काय एवढं, असं काहीतरी ते म्हणाले, आणि आईनं त्यांच्या वाटीत आमटी जरा जोरातच ओतली.

आमचं घर त्या पिठाच्या गिरणीला चिकटूनच होतं. माढ्याहून एसटीनं अर्ध्या तासावरचं गाव. वीज असली की गिरणी चालू आणि गिरणी चालू असली की फळीवरची भांडी बारीक थरथरत राहायची. आम्ही घरातली तिघं एकमेकांशी कायम ओरडूनच बोलायचो, त्यामुळे वीज गेली की आमचं साधं बोलणंही शेजाऱ्यांना भांडण वाटायचं. पहाटे तेवढी शांतता असे. तेव्हा आई भाकरी थापता थापता पाढे म्हणायची, परातीतल्या थापेला एक ओळ. आज माझ्या घरी भाकरी रोज होत नाही, पण केली की अजूनही तोंडात आपोआप एकोणतीस दुणे अठ्ठावन्न येतं. आई सोलापूर शहरातली, तिचे वडील कापडगिरणीत कामाला होते. शेंगांची चटणी ती उखळात कुटायची ती माहेरच्या पद्धतीनं, तेल सुटेपर्यंत, आणि त्या चटणीचा तिला पाढ्यांइतकाच अभिमान होता. शेत, जनावरं, खळं यांतलं मात्र तिला लग्नाआधी काही ठाऊक नव्हतं, आणि लग्नानंतरही झालं नाही, कारण दादांकडे ना शेत होतं ना दावणीला जनावर. गावात इतकी वर्षं राहून ती गावाच्या अर्ध्या गोष्टी बाहेरूनच पाहायची. हे तिला कधी जाणवलं असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं लिहायला बसले ती शकूमुळे. शकू माझ्याहून एका वर्षानं लहान. आमच्या घरामागच्या वस्तीवर तिचं घर. तिचे वडील म्हादूतात्या गावातला कडबा मोजून द्यायचे. कुणाचीही रचलेली कडब्याची गंज विकायची असली की मोजायला तात्याच हवेत असा रिवाज होता, कारण त्यांची मोजणी घेणारा आणि देणारा दोघंही मानत. शकू चौथीत असताना आईनं वर्गात तोंडी उदाहरण घातलं. पुस्तकातली उदाहरणं पोरांना परकी वाटतात म्हणून ते तिनं स्वतःच रचलं होतं. एका शेतकऱ्याकडे एक शेकडा कडबा होता, त्यातल्या पंचवीस पेंढ्या जनावरांना घातल्या, तर किती उरल्या? सगळ्या वर्गानं पंचाहत्तर सांगितलं. शकूनं ऐंशी सांगितलं. आईनं पुन्हा विचारलं, ती पुन्हा ऐंशीच म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं मान वर करून, डोळ्याला डोळा देऊन ऐंशी म्हटलं, आणि आईला तो उद्धटपणा वाटला. हातावर दोन पट्ट्या बसल्या. आईची शाळा दोनशिक्षकी, तिसरी-चौथी एकाच खोलीत बसायची, पण मी तेव्हा पाचवीत गेलेली असल्यामुळे हे पाहिलेलं नाही. त्या दिवशी पोरांनी येऊन मला ते रंगवून सांगितलं आणि मी पोट धरून हसले. त्या वर्षाच्या शेवटी म्हादूतात्या दळण घेऊन गिरणीत आले तेव्हा आईनं त्यांना सांगितलं की पोरगी गुणाची आहे, पण गणितात डोकं नाही. पाचवीसाठी शेजारच्या गावच्या हायस्कुलात चालत जावं लागायचं. बाईच असं म्हणतात तर कशाला तंगडतोड, असा विचार करून तात्यांनी शकूला शाळेतून काढलं आणि ती खुरपायला जाऊ लागली.

प्रशिक्षण हुरड्याच्या दिवसांत होतं. आई सकाळच्या एसटीनं बार्शीला जायची आणि दिवेलागणीला परत यायची. पहिले चार दिवस तिनं तिथलं काही सांगितलं नाही. चहा पातळ असतो आणि बसायला सतरंजी आहे, एवढंच. पाचव्या दिवशी जेवताना ती आपण होऊन बोलली. शिकवायला व्यंकटेश नावाचे एक सर होते, सोलापुरातल्या विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, वयानं आईच्या धाकट्या भावासारखे. त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर बावन्नातून सतराची वजाबाकी मांडली होती. दोनातून सात जात नाहीत म्हणून शेजारून एक घेतला, तर तो इकडे येऊन दहा कसा झाला, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, रीतच तशी आहे. एखाद्या पोरानं विचारलं तर काय सांगाल, असं सरांनी विचारल्यावर आई ताठ बसून म्हणाली होती, की माझ्या वर्गात असलं कुणी विचारत नाही. त्यावर खोलीतले सगळे हसले. का हसले, हे तिला कळायला चार दिवस लागले होते, आणि कळल्यावर ते आम्हाला सांगण्याइतकी ती प्रामाणिक होती. दादांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. त्यांनी तिच्या ताटात चटणी वाढली.

त्यानंतर घराची शाळा झाली. तुरीच्या काट्या वीतभर लांबीच्या तोडून त्यांच्या दहा-दहाच्या जुड्या सुतळीनं बांधायच्या, दहा जुड्यांचा एक भारा करायचा. आमचं चुलीपुढचं सरपण त्यात गेलं आणि दादा म्हणाले, आता भाकरी कशावर भाजायची, शेकड्यावर का दशकावर? आई जुडी सोडून दाखवायची की हा बघा शेजारून घेतलेला एक, सोडला की दहा. एकदा तिनं मला भागाकार घातला. मी सातवीत, वर्गात पहिली, चुटकीसरशी उत्तर दिलं. तेव्हा ती म्हणाली, बरोबर आहे, पण कसं केलंस ते सांग. मला सांगता येईना. येतं तर येतं, असं काहीतरी मी पुटपुटले आणि मला तिचा रागही आला. बरोबर उत्तर दिल्यावरही आपली अशी चौकशी होते, हे मला नवीन होतं.

प्रशिक्षणाची एक अट होती. प्रत्येक शिक्षकानं आपल्या गावात गणिताचं मंडळ चालवायचं. दर रविवारी दुपारी गावकरी आणि पोरं एकत्र जमवायची, आणि एकेका घरानं आपल्या धंद्यात गणित कसं करतात ते दाखवायचं. गावात भजनी मंडळ होतं, गणेश मंडळ होतं, आता हे गणित मंडळ. याची वर्गणी किती, असं लोक विचारायचे. पहिल्या रविवारी शिंप्यानं वितीनं आणि बोटांनी चोळीचं माप घेऊन दाखवलं. दुसऱ्या रविवारी आमच्या गिरणीपुढंच मंडळ भरलं आणि दादांनी ज्वारी मापून दाखवली. पहिल्या मापाला ते एक म्हणाले नाहीत, लाभ म्हणाले, मग दोन, तीन. पूर्वी शहाण्या माणसानं आईसमोर असं मोजलं असतं तर तिनं नाक मुरडलं असतं. आता तिनं पोरांना विचारलं, सांगा, लाभापासून सातापर्यंत मापं किती झाली? पोरांत वाद लागला, आणि आईनं तो मिटवला नाही, लावून दिला. मला वाटतं त्या दुपारी ती पहिल्यांदा त्या मंडळात रमली.

तिसऱ्या रविवारी मंडळ म्हादूतात्यांकडे होतं. ज्वारीची काढणी होऊन गेली होती आणि खळ्याशेजारी गंज उभी होती. व्यंकटेश सर मुद्दाम बार्शीहून आले होते. त्यांच्याबरोबर आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणारे साहेबही आले होते, पायांत बूट, त्यामुळे कडब्याच्या पात्यात त्यांना चालता येत नव्हतं. वीसेक बायकापुरुष आणि शाळेतली सगळी पोरं होती. शकू गंजीवर चढून पेंढ्या खाली देत होती. तात्यांनी मोजायला सुरुवात केली. कडबा एकेक पेंढी करून कुणी मोजत नाही. पाच पेंढ्या एका जागी टाकायच्या, तो झाला एक पाचुंदा, आणि मोजायचे ते पाचुंदे. तात्यांचा आवाज जड आणि संथ होता. पोरं पाटीवर रेघा मारत होती. तात्यांनी एकविसावा पाचुंदा टाकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, झाला शेकडा.

एका पोरानं पाटी वर करून सांगितलं की हे तर एकशे पाच झाले. पोरं हसली, साहेब हसले, आणि तात्या चुकले असं समजून दोन-तीन बायकांनी तोंडाला पदर लावला. तात्यांना काही वाटलं नाही. व्यंकटेश सरांनी त्यांना मऊ आवाजात विचारलं, तात्या, एकशे पाचाचा शेकडा कसा? तात्यांनी सांगितलं ते मला शब्दाला शब्द आठवतं. “गाडीतनं जाताना एखादी पेंढी पडती. एखादीचा बंद सुटतोय. वाटंत दुसऱ्याचं जनावर वढतंय. घेणाऱ्याच्या दारात शंभर पोचाया पायजेत की. म्हणून पाच वर. आमच्यात शेकडा म्हणलं की एकशे पाचच धरत्यात.” सर फार खूश झाले, वहीत लिहून घेऊ लागले. मी आईकडे पाहिलं. तिचं लिहिण्याकडे, सरांकडे, कुठंच लक्ष नव्हतं. ती गंजीवर पाहत होती.

“शकू,” ती म्हणाली, “तेव्हा वर्गात ऐंशी कसं केलं होतंस?”

शकू हातातली पेंढी धरून उभी होती. आठवायलाही तिला वेळ लागला नाही. “एकशे पाचातनं पंचवीस गेलं,” ती म्हणाली.

“मग सांगितलं का नाहीस तसं?”

“तुमी किती उरलं म्हणून इचारलं. तिनीबी बारीला किती म्हणूनच इचारलं. कसं केलं, म्हणून कुटं इचारलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर उद्धटपणा वाटला असता. बाकीच्या पोरांच्या घरीही कडबा होताच, त्यांच्याही घरचा शेकडा एकशे पाचाचाच होता. पण शाळेतला शेकडा वेगळा असतो हे त्यांना कुणी न सांगता कळलं होतं. शकूला बाईंनी कडबा म्हटल्यावर कडबाच दिसला होता. आई दोन पावलं पुढं गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शकूचं उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती. मी तिला मारायला नको होतं.” साहेब खोकले आणि म्हणाले, चला, पुढचा उपक्रम घेऊ या. बाईमाणसानं, त्यातून मास्तरणीनं, भर मंडळात असं बोलावं याची लोकांनाच लाज वाटल्यासारखी झाली. मलाही वाटली. ती लाज आईची नव्हती, माझी होती, हे कळायला मला पुढं बराच काळ लागला.

घरी आल्यावर आईनं दादांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “शेकडा एकशे पाचाचा असतोय हे मला ठावं होतं की. समद्या गावाला ठावं हाय.” आईनं चिडून विचारलं, की मग तुम्ही मला बोलला का नाहीत. दादा म्हणाले, “तू पोरीला कशापायी मारलंस ते घरात सांगितलंस कवा?” आई उठली, तोंड धुतलं, दुसरं लुगडं नेसली आणि मला म्हणाली, चल माझ्याबरोबर. उन्हं कलली होती. शकूला परत शाळेत घालायचं, हे तिनं उंबऱ्यातून बाहेर पडतानाच ठरवलेलं होतं.

तात्यांच्या अंगणात आम्हाला घोंगडी टाकली. शकूच्या आईनं गूळ-शेंगा पुढं ठेवल्या. आईनं आडपडदा न ठेवता सांगितलं की जूनपासून शकूला पाचवीत बसवू, हायस्कुलात मी स्वतः येऊन नाव घालते, राहिलेला अभ्यास उन्हाळ्यात करून घेते. दोन वर्षं गेली आहेत, पण ती भरून निघतील. तात्या सुपारी कातरू लागले. मग म्हणाले, “बाई, तवा तुमी म्हणला डोकं न्हाय, मी ऐकलं. आता म्हणताय हाय, तेबी ऐकतो. माझं काय न्हाय. पोरीलाच इचारा.” शकू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिला यायचं होतं. हे मी आज वळून पाहताना म्हणते असं नाही, मला तेव्हाच दिसत होतं. तिचे डोळे आईच्या तोंडावरून हलत नव्हते. एवढ्या लांब एकटी कशी जाईल, अशी शंका तिच्या आईनं काढली, आणि आई हसून म्हणाली, “एकटी कशाला? ही आहे की रोज सोबतीला.” आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

शकूनं माझ्याकडे पाहिलं. मी घोंगडीचा काठ पाहत बसले. आईला जे ठाऊक नव्हतं ते इथं सांगायला हवं. पट्ट्या खाल्ल्या त्या दिवसापासून शकूला पोरं ‘ऐंशी’ म्हणत, आणि ते नाव मी पाडलं होतं. नुसतं नाव नाही, हायस्कुलाच्या वाटेवर ती खुरपताना दिसली की ओरडायचं एक गाणंही मी रचलं होतं, ऐंशी बाई ऐंशी, गुरं राखते कैशी. गाणं चांगलं तालात होतं. बाईंची मुलगी म्हणते म्हणून दुसरी पोरं बिनधास्त म्हणायची. दोन वर्षं आम्ही रोज जाता-येता ते म्हणत होतो, आणि एकदा तिनं खुरपं ठेवून पाठ फिरवली होती तेही मी पाहिलेलं होतं. आता अंगणात मी एवढंच म्हणायला हवं होतं, की शकू, तुला कुणी काही म्हणणार नाही, मी म्हणणार नाही. दुपारीच आईनं शंभर डोळ्यांसमोर ते करून दाखवलं होतं आणि इथं तर चारच माणसं होती. मी एक शेंग उचलून फोडली.

“न्हाय बाई,” शकू म्हणाली, “मला न्हाय जमायचं.” आईनं परोपरीनं समजावलं. वय विचारलं जाणार नाही, पुस्तकं मी देईन, माझ्यावर राग असेल तर तसं सांग. “तुमच्यावर न्हाय राग,” एवढंच शकू म्हणाली आणि आत निघून गेली. आईला वाटलं ती मोठ्या मनानं तसं म्हणाली. वाटेत आई माझ्यापुढं झपझप चालत राहिली, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

मंडळ त्यानंतर दोन वर्षं चाललं. शकू दर रविवारी यायची, पोरांना पाचुंद्यांवरून पाचाचा पाढा शिकवायची, आणि व्यंकटेश सरांनी तिला बघून दुसऱ्या गावच्या शिक्षकांना आमच्याकडे पाठवलं होतं. शाळेच्या फाटकाच्या आत मात्र ती आली नाही. आई दर जूनला तिच्या घरी जायची आणि मला बरोबर न्यायची, कारण समवयस्क मुलीचं ती ऐकेल असं तिला वाटायचं. तिसऱ्या वर्षी शकूचं लग्न जेऊरकडे ठरलं. आई लग्नाला गेली. मला परीक्षा होती असं मी सांगितलं, आणि ती खरंच होती. आईनं वर्गातली पट्टी त्या रविवारनंतर पुन्हा हातात घेतली नाही. तिच्या हाताखालून गेलेली माणसं आजही भेटली की सांगतात, बाई उत्तर बरोबर आलं तरी कसं केलं ते विचारायच्या. मी मान डोलावते. मी पुढं पोस्टात नोकरी केली, शिकवण्याच्या वाटेला गेले नाही.

शेवटच्या आजारपणात आई माझ्याकडे सोलापूरला होती. तिला माणसांची नावं आठवेनाशी झाली होती, पाढे मात्र शाबूत होते. एका दुपारी मी तिचे केस विंचरत असताना ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, “मी त्या दिवशी पट्टी मारली नसती तर शकू आली असती शाळेत. नाही का गं?” घरात आम्ही दोघीच होतो. तात्या जाऊन खूप वर्षं झाली होती, मी आजी झाले होते, आणि खरं सांगितल्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त ती जे ओझं तेव्हापासून वाहत होती, ते तिच्या अंगावरून माझ्या अंगावर आलं असतं. मी म्हणाले, “आता कशाला तो विषय, आई,” आणि वेणी घालायला घेतली. ती “बरं” म्हणाली. अकराव्या दिवशी ती गेली, शकू आपल्यामुळेच आली नाही असं समजून.